‘वरचे पैसे’ म्हणू नका, बिल पाठवा

पत्र

सांगलीचे एक वाचक, वय ३३. पत्र नोव्हेंबर २०२५ मधलं, कराचे नियम आणि मुदती त्या वेळच्या. कुपवाड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात आठ वर्षं डिझाईन विभागात नोकरी. पगार महिना ५४,०००. डिसेंबर २०२४ पासून रात्रीची जेवणं उरकली की पुण्याच्या एका कंपनीसाठी जिग-फिक्स्चरची, म्हणजे यंत्रावर भाग पक्का धरून ठेवणाऱ्या साधनांची, ड्रॉइंग करून देतात. त्याचे आता महिन्याला २५,००० ठरलेत. २,५०० टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापायचा आयकर, कापून २२,५०० खात्यावर येतात. शिवाय कोल्हापूरच्या एका पॅटर्न (ओतकामाचे नमुने) बनवणाऱ्याची फुटकळ कामं, सरासरी महिना साडेसात हजारांची. हे पैसे साडूच्या सल्ल्यानं जूनपासून पत्नीच्या खात्यावर घेतात. बिल असं आजवर कधी केलंच नाही. पुण्याचे लोक आपल्याच व्हाउचरवर पैसे द्यायचे. सप्टेंबरात तिथं अकाउंट्सला नवीन बाई आल्या. “बिल आणि जीएसटी नंबर पाठवा, मग पेमेंट होईल,” असा त्यांचा मेल आला. वाचकांनी त्याला उत्तरच दिलं नाही. दोन महिन्यांचे पैसे अडकले आहेत. ते विचारतात: बिल केलं म्हणजे जीएसटी आला का? टीडीएस कापलाय म्हणजे कर भरून झाला ना? रिटर्नमध्ये हे दाखवलं तर ऑफिसला कळेल का? की सगळं पत्नीच्या नावावर फिरवावं? शेवटी लिहितात, “वरच्या पैशांसाठी एवढी झोप घालवायची का, का सोडूनच देऊ?”

(ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

उत्तर

‘वरचे पैसे’ हा शब्द तुमच्या पत्रात सहा वेळा आलाय. मी मोजला.

आपल्या भाषेत वरची कमाई कुणाची असते, ते तुम्हाला ठाऊक आहे. टेबलाखालून घेणाऱ्याची. तुम्ही रात्री नऊ ते साडेबारा डोळे फोडून ड्रॉइंग काढता, समोरचा त्यावरून फिक्स्चर बनवतो, ते यंत्रावर बसतं. ह्यात वरचं काय आहे? पण एकदा पैशाला असं नाव पडलं की माणूस त्याच्याशी चोरट्यासारखा वागायला लागतो. बिल नको, कारण कागद राहील. आपलं खातं नको, बायकोचं बरं. मेलला उत्तर नको. तुमच्या पत्रात कराचे प्रश्न चार आहेत, पण ते सगळे ह्या एका शब्दाच्या पोटातून आलेत असं मला वाटतं. कराचा भाग त्यामानानं सोपा निघाला, इतका की आकडे मांडल्यावर मला हसू आलं. सावकाश सांगते.

आधी पुण्याच्या त्या बाई. त्या तुमच्या मागे लागलेल्या नाहीत. कंपनीचं ऑडिट होतं, दर महिन्याला पंचवीस हजार जाताहेत आणि मागे कागद नाही, हे त्यांना खटकलं एवढंच. त्यांच्याकडे नवीन माणसाची माहिती भरायचा एक छापील फॉर्म असणार, त्यात जीएसटी नंबरचा रकाना असणार, म्हणून त्यांनी तो मागितला. तुमच्याकडे नंबर नाही तर नाही म्हणून कळवायचं. सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर महाराष्ट्रात जीएसटी नोंदणी सक्तीची नाही. तुमची दोन्ही मिळून चार लाखांच्याही आत आहे. पगार ह्या उलाढालीत धरत नाहीत, कारण नोकरानं मालकाला दिलेली सेवा जीएसटीच्या कक्षेतच येत नाही. उद्या बेंगळुरूचं किंवा अहमदाबादचं काम मिळालं तरी सेवांसाठी मर्यादा तीच. ‘राज्याबाहेर बिल गेलं की नोंदणी लागतेच’ असं जे ऐकू येतं ते मालाच्या विक्रीवरून आलेलं आहे.

दोन गोष्टी मात्र पक्क्या लक्षात ठेवा. नोंदणी नसताना बिलावर जीएसटी लावायचा नाही, एक रुपयाही नाही. आणि ‘असलेला बरा’ म्हणून हौसेनं नंबर घ्यायचा नाही. घेतला की १८ टक्के लावा, भरा आणि काम नसलेल्या महिन्याचंही शून्याचं रिटर्न वेळेवर टाका. ते चुकलं की विलंब शुल्क सुरू. रात्रीच्या साडेतीन तासांतला एक त्यातच जाईल.

म्हणजे मेलचं उत्तर तीन ओळींचं आहे: “माझी वार्षिक उलाढाल जीएसटीच्या मर्यादेत असल्यानं मी नोंदणी केलेली नाही. सप्टेंबर आणि ऑक्टोबरची बिलं सोबत जोडली आहेत. पॅन आणि बँकेचा तपशील बिलावर आहे.” दोन महिने ह्या तीन ओळी लिहिल्या नाहीत म्हणून पंचेचाळीस हजार रुपये पुण्यात बसून आहेत.

बिल कसं असतं, असंही विचारलंय तुम्ही, जरा लाजतच. लाजायचं काही नाही. लग्नाआधी मी चार वर्षं सांगलीच्या मार्केट यार्डात एका अडत दुकानात कीर्द लिहायचे. हळदीच्या हंगामात नाकातोंडात पिवळी धूळ, हातात बोरू नव्हता पण पेन तसंच चालायचं. तिथं शेतकऱ्याला जी पट्टी देतात, त्यात सगळं असतं: कुणाचा माल, किती पोती, वजन काय, भाव काय, हमाली-तोलाई किती गेली, हातात किती. निरक्षर माणूससुद्धा ती पट्टी जपून टोपीच्या घडीत ठेवायचा. तुमचं बिल म्हणजे तुमच्या कामाची पट्टी. वर तुमचं नाव, पत्ता, पॅन. बिल क्रमांक आणि तारीख. पुण्याच्या कंपनीचं पूर्ण नाव, पत्ता आणि त्यांचा जीएसटी नंबर. मग काम काय केलं, कुठल्या महिन्याचं, किती ड्रॉइंग. रक्कम आकड्यात आणि अक्षरात. बँक खातं, आयएफएससी कोड. पैसे किती दिवसांत द्यायचे ते. तळाला ‘जीएसटी नोंदणी नाही’ अशी ओळ आणि सही.

रक्कम २५,००० लिहायची, २२,५०० नव्हे. ही चूक निम्मे लोक करतात. टीडीएस कापायचं काम त्यांचं आहे. तुमचं बिल पूर्ण कामाचं. हिशेबातही मिळकत पंचवीसच धरायची.

कामाचं वर्णन करताना मात्र कंजुषी करू नका. ‘डिझाईनचे काम’ एवढंच लिहून भागतं, पण ‘फिक्स्चर ड्रॉइंग ४, दोन फेरदुरुस्त्यांसह’ असं लिहिलंत तर तिसऱ्यांदा बदल सांगताना समोरच्याला थोडा विचार करावा लागतो. तुम्ही फेरदुरुस्तीचे पैसे घेता का, हे पत्रात नाही. घेत नसणार, असा माझा अंदाज.

आता टीडीएस. तुम्ही लिहिता, “दहा टक्के कापलेत म्हणजे माझ्याकडून सरकारला पोचले, विषय संपला.” तुम्ही त्याला पट्टीतल्या हमालीसारखं समजताय, गेले ते गेले. तसं नाहीये. टीडीएस ही उचल आहे. आता ऊसतोड सुरू झाली आहे, तुमच्या गावाकडे कुणाला तरी विचारा: कारखाना पहिली उचल देतो, शेवटचा हिशेब मागाहून होतो. टीडीएस म्हणजे पुण्याच्या कंपनीनं तुमच्या नावानं, तुमच्या पॅनवर सरकारला दिलेली उचल. शेवटचा हिशेब तुमच्या रिटर्नमध्ये होतो. सरकारचं देणं जास्त निघालं तर उरलेलं तुम्ही भरायचं, कमी निघालं तर त्यांनी परत द्यायचं. हिशेबच मांडला नाही तर उचल तिकडेच राहते.

तुमची किती राहिली आहे पाहू. डिसेंबर २०२४ ते मार्च २०२५ मध्ये पुण्याकडून ८५,००० चं काम झालं, ८,५०० कापले गेले. ऑगस्टमध्ये तुम्ही २०२४-२५ चं रिटर्न भरलंत, आयटीआर-१ ह्या साध्या फॉर्मवर, त्यात फक्त पगार. मुळात स्वतंत्र कामाचं उत्पन्न असेल तर आयटीआर-१ चालतच नाही. हेतू वाईट नव्हता हे मला मान्य आहे, पण ते रिटर्न अपुरं आहे आणि आयकर खात्याच्या २६एएस नावाच्या उताऱ्यात ते ८,५०० तुमच्या नावासमोर दिसत असणार. पोर्टलवर जाऊन आजच बघा. सोबत एआयएस म्हणजे वार्षिक माहितीपत्रकही बघा. एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंत की ‘सरकारला कळलं तर’ ही भीती जाईल, कारण त्यांना आधीच कळलेलं आहे.

ते सुधारायला सुधारित रिटर्न असतं आणि त्याची मुदत ३१ डिसेंबर २०२५ आहे. हिशेब असा: त्या वर्षी तुमचा पगार महिना ५२,०००, म्हणजे वर्षाला ६,२४,०००. पगारदाराची प्रमाणित वजावट ७५,००० गेली की ५,४९,०००. कामाच्या ८५,००० पैकी निम्मे, ४२,५००, उत्पन्न म्हणून मिळवले की ५,९१,५००. त्या वर्षी नव्या करप्रणालीत ७ लाखांपर्यंत रिबेट, म्हणजे करात सूट, मिळून कर शून्य होत होता. म्हणजे कर शून्य आणि कापलेले ८,५०० तुम्हाला परत. ज्या गोष्टीची तुम्ही धास्ती घेतलीत, तिथं सरकारच तुमचं देणं लागतं. मला हसू आलं ते इथं.

पण ३१ डिसेंबर चुकवू नका. त्यानंतर अद्ययावत रिटर्नची सोय आहे, चार वर्षांपर्यंत. तिचा उपयोग जादा कर भरण्यासाठीच होतो, परतावा मागायला ती चालत नाही.

‘निम्मे’ कुठून आले? आयकर कायद्यात ४४एडीए नावाचं कलम आहे. डॉक्टर, वकील, अभियंता, वास्तुविशारद, लेखापाल, तांत्रिक सल्लागार, अंतर्गत सजावटकार आणि माहिती तंत्रज्ञानासारखे आणखी काही अधिसूचित व्यवसाय यांना वर्षाची जमा ५० लाखांपर्यंत असेल तर निम्मी रक्कम उत्पन्न म्हणून दाखवता येते. रोखीतली जमा ५ टक्क्यांच्या आत असेल तर ही मर्यादा ७५ लाख. उरलेली निम्मी खर्चात गेली असं धरतात. वीज, इंटरनेट, संगणक यांच्या पावत्या कुणी मागत नाही. निम्म्याहून जास्त उत्पन्न दाखवायलाही मुभा आहे. कमी दाखवायचं असेल तर मात्र वह्या ठेवा, ऑडिट करा, हे सगळं मागं लागतं. रिटर्न आयटीआर-४, त्यात पगारही बसतो. अभियांत्रिकी ड्रॉइंग ह्या यादीत बसतात, तरी एकदा कर सल्लागाराला कामाचं स्वरूप दाखवून खात्री करा. भाषांतर, लेखन, शिकवण्या अशी कामं करणाऱ्या वाचकांनी मात्र माझं वाचून परस्पर निम्मे लावू नयेत. ही कामं त्या यादीत सरळ नावानं नाहीत. आपलं काम कुठं बसतं ते आधी विचारा, नाहीतर खरा खर्च वजा करून आयटीआर-३ भरा.

यंदाचं, म्हणजे २०२५-२६ चं, तुमचं गणित: पगार ६,४८,०००, वजावट जाऊन ५,७३,०००. पुणे वर्षाचे ३,००,०००, कोल्हापूर ९०,०००, मिळून ३,९०,०००, त्याचे निम्मे १,९५,०००. एकूण ७,६८,०००. यंदापासून नव्या प्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला रिबेट मिळून कर लागत नाही. म्हणजे कोल्हापूरचे पैसे लपवून तुम्ही वाचवलेला कर शून्य रुपये. आणि रिटर्न नीट भरलंत तर पुण्याचे कापलेले ३०,००० पुढच्या वर्षी परत.

ह्यावरून सगळ्यांनीच ‘काही भरावं लागत नाही’ असं समजू नये म्हणून दुसरं उदाहरण देते. समजा साताऱ्याची एक बाई घरून आयटी कंपनीचं काम करते, पगार वर्षाला १२ लाख, आणि फावल्या वेळात ४ लाखांचं काम घेते. पगाराचे वजावटीनंतर ११,२५,००० राहतात, कर शून्य, म्हणून कंपनी काहीच कापत नाही. आता त्यात निम्मे म्हणजे २,००,००० मिळवा: १३,२५,०००. बारा लाखांची रेघ ओलांडली की रिबेट गेली आणि कर पहिल्या चार लाखांनंतरच्या प्रत्येक टप्प्यावर लागतो. २०,००० अधिक ४०,००० अधिक १८,७५०, वर ४ टक्के उपकर: ८१,९००. चार लाखांच्या कामाला ऐंशी हजारांवर कर! टीडीएसचे ४०,००० वजा केले तरी ४१,९०० उरतात, आणि ते रिटर्न भरताना द्यायचे असं नाही. टीडीएस जाऊन १०,००० किंवा जास्त कर उरत असेल तर आगाऊ कर लागतो. ४४एडीए घेणाऱ्यांना तो १५ मार्चपर्यंत एका हप्त्यात भरता येतो. बाकीच्यांना जून, सप्टेंबर, डिसेंबर आणि मार्चच्या १५ तारखांना. राहिला तर महिन्याला एक टक्का व्याज. नको ती आठवण ठेवणं, असं वाटत असेल तर हे उत्पन्न आपल्या कंपनीला कळवून पगारातूनच जादा टीडीएस कापून घेता येतो. त्यासाठी अर्थातच कंपनीला सांगावं लागतं. तुमचा पगार वाढत जाईल, कामही वाढेल, तेव्हा हा परिच्छेद काढून वाचा.

साडूंबद्दल. ते तुमच्या भल्याचंच बघत असतील, आणि साडूचं ऐकलं नाही तर सासुरवाडीच्या जेवणावळीत काय होतं ते मीही पाहिलंय. पण उत्पन्न ज्याच्या कामाचं त्याचं असतं, खातं कुणाचंही असो. ड्रॉइंग तुम्ही काढता, म्हणजे कोल्हापूरचे पैसे तुमचेच, तुमच्याच रिटर्नमधले. पत्नीच्या नावानं बिल करणं तर त्याहून वाईट, कारण तो खोटा कागद. उद्या कोल्हापूरवाल्याशी ड्रॉइंगवरून वाजलं तर तो कुणाला जाब विचारणार? आणि तुम्ही पत्नीला विचारलंत का? पत्रात एवढंच आहे की ‘ती काही बोलत नाही’. तिच्या फोनवर महिन्याला अनोळखी माणसाचे पैसे येतात, नवरा सांगतो कुणाला बोलू नकोस. ती गप्प आहे म्हणजे तिला चालतंय असं मी धरणार नाही.

तिला खरंच ह्या कामात घ्यायचं असेल तर बिलं काढणं, पैसे आले का बघणं, हे तिच्यावर सोपवा. आतापर्यंत तिच्याकडे आलेल्या रकमांची यादी करा, तारखेसह. कोल्हापूरवाल्याला त्या कामांची तुमच्या नावानं बिलं द्या आणि वर ‘रक्कम पत्नीच्या खात्यावर मिळाली’ असं लिहा. ह्यापुढे तुमच्या खात्यावर. नवरा-बायकोत पैसे इकडून तिकडे गेले तर त्यावर कर लागत नाही, तेव्हा ते परत वळते करायलाही भिऊ नका.

ऑफिसचं. आयकर खातं तुमचं रिटर्न मालकाला पाठवत नाही. २६एएस, एआयएस हे तुमच्या लॉगिनखाली असतं. तेव्हा करामुळे कळेल ही भीती सोडा. पण तुम्ही पत्रात जाता जाता एक वाक्य लिहून गेलात: “काम ऑफिसच्याच लॅपटॉपवर करतो, त्यात सॉफ्टवेअर आहे.” माझ्या मते तुमच्या सगळ्या पत्रात खरा धोका ह्याच वाक्यात आहे, आणि त्याबद्दल तुम्ही काहीच विचारलं नाहीत. ते सॉफ्टवेअर कंपनीच्या परवान्यावर आहे. त्यावर बाहेरचं काम करणं हे एक, आणि बाहेरच्या गिऱ्हाईकाची ड्रॉइंग कंपनीच्या यंत्रावर साठवणं हे दुसरं. उद्या कुणी म्हणालं की हे डिझाईन आमच्या वेळेत, आमच्या साधनांवर झालं, म्हणजे आमचं, तर तुम्ही काय दाखवाल? हे आज बंद करा. जुना का होईना स्वतःचा संगणक घ्या. सॉफ्टवेअर महिन्याच्या वर्गणीवर मिळत असेल तर तसं, नाहीतर फ्रीकॅडसारखं मोफत सॉफ्टवेअर तुमच्या कामाला पुरतं का ते बघा.

मग नेमणूकपत्र काढा. आठ वर्षांपूर्वीचं, कपाटात कुठंतरी असेल. बाहेरच्या कामाबद्दल त्यात काय लिहिलंय? तीन शक्यता आहेत. काहीच लिहिलेलं नसेल तर तुम्ही बहुधा मोकळे आहात, फक्त स्पर्धकाचं काम नको आणि ऑफिसच्या वेळेत नको. ‘लेखी परवानगीशिवाय नाही’ असं असेल, आणि बहुतेक असंच असतं, तर परवानगी मागा. ‘अजिबात नाही’ असं असेल तर निवड करावी लागेल.

परवानगी मागितली आणि नाही म्हणाले तर? ही भीती खरी आहे, मी ती झटकून टाकणार नाही. नाही म्हणाले तर महिन्याचे तीस हजार जातील आणि साहेबांची नजरही बदलेल. न विचारता चालू ठेवलं तर बहुधा वर्षानुवर्षं कुणाला पत्ता लागणार नाही. आणि लागला तर नोकरी जाईल, नोकरीबरोबर नावही. कुपवाडसारख्या ठिकाणी एका कारखान्यातली गोष्ट चहाच्या टपरीवरून संध्याकाळपर्यंत तिसऱ्या कारखान्यात पोचते. तुमच्यावर फ्लॅटचा हप्ता आहे. मी असते तर विचारलं असतं. लेखी, चार ओळींत: काम काय, कुणासाठी नाही (आपल्या कंपनीचे स्पर्धक), केव्हा, कुणाच्या साधनांवर. म्हणून संगणक आधी, अर्ज नंतर. तुमचे साहेब सरळ आहेत असं तुम्हीच लिहिलंय.

सरकारी नोकरीतल्या वाचकांना ही निवड नाही. १९७९ च्या महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियमांप्रमाणे आधी परवानगी, मगच काय ते.

बारीकसारीक राहिलं ते भराभर. ह्या कामासाठी एक वेगळं बचत खातं उघडा, वर्षअखेरीला उतारा काढला की अर्धा हिशेब तिथंच तयार. व्यवसाय कर पगारातून महिन्याला २००, फेब्रुवारीत ३००, असे २,५०० जातातच आणि वर्षाला त्याहून जास्त तो लागत नाही. तरी स्वतंत्र व्यवसायाची नोंद वेगळी करायची का, हे कर सल्लागाराला विचारून घ्या. मार्चचं बिल जपून: कंपनी ते मार्चमध्ये धरून टीडीएस कापते, पैसे तुम्हाला एप्रिलमध्ये मिळतात, आणि दोन वर्षांचे आकडे जुळत नाहीत. त्या बिलाची वेगळी टीप ठेवा. दर तिमाहीला कंपनीकडून फॉर्म १६ए, म्हणजे टीडीएस कापल्याचा दाखला, मागा. जुनी करप्रणाली की नवी, ही उडी पगारदाराला दरवर्षी मारता येते. व्यवसायाचं उत्पन्न आलं की नव्यातून जुन्यात जाऊन परत यायची संधी एकदाच, तेव्हा घरकर्जाच्या व्याजाचा मोह झाला तरी आधी आकडे मांडा. आणि १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू होतोय. कलमांचे क्रमांक बदलतील, ‘कर वर्ष’ हा शब्द येईल. पुढच्या वर्षी कुणी ४४एडीए ऐवजी दुसराच आकडा सांगितला तर गोंधळू नका.

कर सल्लागाराकडे जाताना प्रश्न कागदावर लिहून न्या. ‘साहेब, तुम्हीच काय ते बघा’ असं म्हणून सही करून येऊ नका. तुम्ही ड्रॉइंगवरची एक मापाची चूक सोडत नाही, रिटर्नही तसंच वाचा.

कायदा म्हणतो, ४४एडीएवाल्यानं कीर्द नाही ठेवली तरी चालेल. मी म्हणते ठेवा. दोनशे पानी वही पुरे. डाव्या पानावर बिल: तारीख, क्रमांक, नाव, रक्कम. उजव्या पानावर जमा: तारीख, आलेले पैसे, कापलेला टीडीएस. उजवीकडची जागा कोरी दिसली की कुणाला फोन करायचा ते कळतं. सोडून द्यावं का, ह्याचं उत्तर मी आज देत नाही. वर्षभर वही लिहा, रात्रीचे तासही लिहा, मग तासाला काय पडलं ते तुम्हीच बघा.

तुम्हाला पहिल्या बिलावर ०१ घालायला संकोच वाटतो, समोरच्याला आपण नवखे वाटू म्हणून. यार्डातली नवी दुकानंसुद्धा बिलबुक १०१ पासून छापून घेतात, तसं तुम्हीही घ्या. सप्टेंबरचं १०१, ऑक्टोबरचं १०२. आज रात्री दोन्ही करा, पुण्याला मेल टाका, आणि कोल्हापूरच्या यादीला १०३ पासून लागा.